आक्काला जुव्यावर न्यायचं होतं

"येत्या रविवारी मला जुव्यावर ने गो," असं मी सुनेला म्हटलं, तर तिचं लाटणं पोळीवरच थांबलं. ती पुण्याची. लग्न होऊन रत्नागिरीत आली त्याला बरीच वर्षं झाली, पण आमचे काही शब्द अजून तिच्या कानांत बसलेले नाहीत. मग हळूच म्हणाली, "आई, पत्ते? आणि पैसे लावून?"

मला हसू आवरेना. आता तुम्हालाही सांगून ठेवते, नाहीतर तुमचाही गैरसमज व्हायचा. खाडीच्या मधोमध बेट असतं, चारी अंगांनी खारं पाणी नि मध्ये माडांचा झुबका, त्याला आमच्याकडे जुवा म्हणतात. जुगारातल्या जुव्याशी त्याचं काही नातं नाही. तरी आक्का म्हणायची, "जुव्यावर मुलगी देणारा बाप जुगारच खेळतो गो. विहिरीला पाणी गोडं लागलं तर जिंकला."

आक्का माझी थोरली बहीण. तिला त्या जुव्यावर दिलेली. ती माझ्याहून इतकी मोठी, की तिच्या वरातीच्या होडीत मी परकर सावरत बसले होते आणि खाडीच्या मध्यावर नवरदेवाच्या नव्या धोतरावर ओकले होते. जुव्याची माझी पहिली आठवण ही अशी. पुढे मेच्या सुट्टीत दरवर्षी मी तिच्याकडे राहायला जायची. तिथे गाडी नाही, डांबर नाही, दुकान नाही. मीठ संपलं तरी होडीनं जायचं. घरात घड्याळ होतं भिंतीवर, पण बायका बघायच्या खाडीकडे. भात कधी टाकायचा, पाहुण्यांना कधी उठवायचं, सगळं पाण्यावर. "पाणी सुटलं" असं कोणी म्हटलं की पाहुण्यांनी हातातला लाडू तसाच घेऊन धावायचं, कारण ओहोटी लागली की धक्क्यापुढे नुसता चिखल.

आक्कानं तिथे सगळा जन्म काढला. मग तिचे यजमान गेले, गुडघे गेले, आणि मुलानं तिला डोंबिवलीला नेलं. मुलगा चांगला आहे हो, त्याला बोल लावायचा नाही. चौथा मजला, पण लिफ्ट आहे, खिडकीत तुळस आहे, सून जेवणाचं ताट हातात देते. आक्का रोज दुपारी जेवणं झाली की मला फोन करते. सुरुवातीला भाज्यांचे भाव, नातवंडांची लग्नं. मग हळूहळू एकच. "एकदा मला जुव्यावर नेऊन आण. एक रात्र. माझ्या घरात एक रात्र निजू दे, मग काय ते होऊ दे."

मी भाच्याजवळ विषय काढला तर तो वैतागला. "मावशी, तू तिला भरीला घालू नकोस. तिला होडीत चढवणार कोण? पलीकडे उतरवणार कोण? आणि पुढे घरापर्यंत? ती हॉलमधून मोरीपर्यंत जाते नि धाप लागते तिला."

त्याचंही खरंच होतं. म्हणून मी म्हटलं, "मी स्वतः जाऊन बघून येते. होण्यासारखं असलं तर आणू, नसलं तर मीच तिला नाही म्हणून सांगेन." आक्काला नाही म्हणायचं काम कोणीतरी करायलाच हवं होतं, आणि ते माझ्यावर येऊ नये असं मला फार वाटत होतं.

तर त्या रविवारी सुनेनं गाडी काढली. पावसाळा नुकता संपलेला. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळी माळावरचं, गवत पिवळं पडायला लागलेलं, आणि ऊन असं की काळवंडलेला कातळही तापलेल्या तव्यासारखा. घाट उतरून खाडीकाठी आलो. माझा हिशोब चोख होता. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, तेवढे वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, असं. त्या दिवशी चतुर्थी. म्हणजे एकच्या सुमाराला पोचलो तर पाणी चांगलं चढलेलं असणार, होडी थेट पायऱ्यांना लागणार.

बघते तर पाणी खाली. पलीकडे जुव्याच्या पायऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्यापुढे करडा, चकचकीत चिखल. होडीवाला आला, फायबरची होडी, मागे इंजिन. त्याला म्हटलं, "हे काय रे, आज पाणी आलंच नाही का?"

"कितीचा हिशोब केलात मावशी?"

"तीनचा."

तो हसला. "भाट्याचं पाणी लावलंत होय जुव्याला? अहो, समुद्रात तीनला भरलं तरी इथवर वळणं घेत यायला त्याला तास-दीड तास नको? ते काय तुमच्या गाडीत बसून येतंय?"

इतकी वर्षं भाट्याच्या समुद्राजवळ राहून माझ्या डोक्यात तेच पाणी बसलं होतं. लहानपणी हे मला ठाऊक होतं बरं का. आक्का तर झोपेतून उठवलं तरी सांगायची. मनात आलं, मी इथली पाहुणीसुद्धा आता धड राहिले नाही.

होडी चिखलात रुतली ती पायऱ्यांपासून चांगलीच लांब. साड्या खोचून उतरलो. पोटरीपर्यंत पाय आत. सुनेची एक चप्पल चिखलानं ठेवून घेतलीन ती घेतलीनच. ती बिचारी "आई, हे प्राणी चावतात का?" करत खेकड्यांच्या बिळांवरून उड्या मारत होती, आणि मी मनात म्हणत होते, संपलं. हा चिखल आक्काच्या नशिबी कसा घालायचा?

पण आलेच होते, तर पुढची वाट बघायची होती. ती वाट मी माझ्या पायांनी चाललेच नाही, आक्काच्या गुडघ्यांनी चालले. धक्क्यावरून वर चढ आहे, थोडाच, पण आहे. चढ संपतो तिथे गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, एक चिरा निखळून खाली पडलाय. त्यावर बसून पाहिलं. उंची बरी. पुढे पोफळीच्या बागेतली पाऊलवाट, गार, पण वरून सुपाऱ्या पडलेल्या, पाय घसरेल. ती झाडून घ्यायला हवी. मग शाळा. शाळा बंद आहे, मुलंच उरली नाहीत, पण कट्टा आहे. त्यावर बसले. सून फोटो काढत मागून येत होती. म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? सारख्या बसताय."

"मी नाही गो बसत. आक्का बसत्ये."

पुढच्या वळणाला एक बुटकी भिंत दिसली तर तीच म्हणाली, "आक्कामावशींना इथे टेकता येईल."

आक्काच्या घराशेजारी तिच्या चुलत जावेचं घर. जुव्यावर बारा महिने राहणारी थोडी माणसं उरलीत, त्यातली ही एक. आक्कापेक्षा थोडी लहान, काटक, आवाज खणखणीत. अंगणात सुपाऱ्या वाळत घालत असावी असं वाटलं, पण जवळ गेले तर कपडे होते. डोळ्यांवर हात धरून ओरडली, "कोण गो? तोंडावर ऊन येतंय, दिसत नाय."

"आक्काची बहीण."

"ओकणारी?"

बघा, माणसाची ओळख कशाकशानं राहते. सून इतकी हसली की मला तिला ती जुनी हकिगत तिथल्या तिथे सांगावी लागली.

मी कशाला आले ते सांगितल्यावर जावेनं कमरेची किल्ली काढली. आक्काच्या घराचं कुलूप उघडलं. उंबरा उंच आहे, तिथे पाट ठेवू म्हणाली. मोरी मागच्या दारी आहे, तिथे हात धरायला बांबू बांधू म्हणाली. खाट आपली देते म्हणाली. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं, शेणानं सारवलेलं. मी म्हटलं, "घर बंद, मग अंगण कशाला सारवतेस?"

"कुलूप घराला असतं," ती म्हणाली. "अंगण काय बंद असतं होय? माझ्या दारातनं दिसतं ते." मग विचारलंन, "तिकडे ती मासे खाते काय?"

"खाते. बर्फातले."

"मग खात नसेल."

परत निघालो तेव्हा खाडी भरली होती. आणि काय सांगू, होडी थेट पायऱ्यांना चिकटून उभी. चिखलाचं नाव नाही. वरच्या पायरीवरून पाय टाकला की होडीत. म्हणजे पाणी बरोबर साधलं तर चिखल येतच नाही मध्ये. मी होडीवाल्याला चढाचं विचारलं. तो म्हणाला, "खुर्चीला दोन बांबू बांधू, चार माणसं उचलू. दरवर्षी गणपती आणतो आम्ही ह्याच धक्क्यावरनं, मूर्तीच्या बोटालाही कधी चिखल लागत नाय. काकी काय गणपतीपेक्षा जड?"

मी इतकी खूश होऊन घरी आले, की पाय धुवायच्या आधी फोन लावला. चढ, चिरा, कट्टा, पाट, बांबू, सगळं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. आक्का खूप वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "गणपतीसारखं आणू म्हणतो काय तो? म्हणजे पाचव्या दिवशी बुडवायलाही तसंच नेणार." आणि स्वतःच हसली.

पण त्यानंतर रोज दुपारी तिला ती वाट पुन्हा हवी असायची. "चढ संपल्यावर?" "चिरा." "मग?" "पोफळी." "डाव्या हाताला काजू होता." "आहे अजून." मी एखादं वळण गाळलं तर ती लगेच मागे न्यायची. आम्ही दोघी फोनवर चालत असायचो, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या चालण्याची सवय लागली. मेच्या सुट्टीतल्या दुपारी, विहिरीवरचा रहाट, माझ्या केसांत तेल घालताना आक्काचे खरखरीत हात, सगळं त्या वाटेवर भेटायचं.

एक गोष्ट मात्र खटकली. जुव्यावरची माणसं आपल्या बेटाला अल्याड म्हणतात आणि बाकीच्या सगळ्या जगाला पल्याड. समोरचा काठ पल्याड, रत्नागिरी पल्याड, मुंबई पल्याड. आक्काचा एक दीर बोटीवर होता, तो आफ्रिकेच्या बंदरात असला तरी घरातले म्हणायचे, "पल्याड गेलाय, येईल." डोंबिवलीला जाऊनही आक्का तसंच बोलायची, "इथे पल्याड पाण्याला चवच नाही गो." आणि एक दिवस फोनवर ती म्हणाली, "मग पल्याड न्यायचा दिवस कुठला ठरवलास?"

मी म्हटलं, "कुठे न्यायचा?"

"अगो, पल्याड. जुव्यावर."

तिला स्वतःला कळलंही नाही ती काय बोलली ते. मी सुनेला सांगितलं तर तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. डोंबिवलीहून बघितलं तर जुवा पलीकडेच की, म्हणाली. मला मात्र घाई झाली. मार्गशीर्षातली पौर्णिमा धरली. पौर्णिमेला भरती सव्वाअकराची, वर खाडीचा तास-दीड तास. ह्या वेळी मी भाट्याचं पाणी लावलं नाही.

भाचा तिला घेऊन आगगाडीनं आला. एक दिवस आमच्याकडे विश्रांती, दुसऱ्या दिवशी गाडीनं खाडीवर. आक्का मागच्या सीटवर उशांमध्ये बसलेली, माझ्या मांडीवर तिचा हात. घाट उतरताना मी म्हटलं, "दिसली बघ खाडी." ती म्हणाली, "वास कधीचा येतोय."

खाडी काठोकाठ. होडीवाल्यानं नि भाच्यानं तिला अलगद आत बसवलं, आम्ही म्हणत होतो त्यापेक्षा सोपं झालं. निघालो. आक्का एकदम सरळ बसली. "रे, डाव्या अंगाला खडप आहे हां पाण्याखाली."

"ठाऊक आहे काकी."

"ठाऊक असलं तरी सांगायचं असतं."

भाचा माझ्याकडे बघून हसला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा सैल झाला होता. पलीकडे धक्क्यावर जाऊ उभी, बरोबर दोनतीन माणसं, बांबू बांधलेली खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेलं घोंगडं. वाट झाडली होती, हे खालूनही कळत होतं. होडी पायरीला लागली. होडीवाल्यानं दोर बांधला. भाच्यानं हात पुढे केला. "चल आई."

आक्का उठली नाही. ती वर बघत होती. चढाकडे, पोफळींकडे, पुन्हा चढाकडे.

"थांब जरा," म्हणाली.

थांबलो. होडी पायरीवर हळूहळू आपटत होती. मग आक्का म्हणाली, "मी उतरत नाही."

"म्हणजे?" भाचा म्हणाला. "आई, दुखतंय का कुठे?"

"नाही रे. इथूनच बरं."

जाऊ वरून कडाडली, "काय बोलतेस गो? भात टाकून आल्ये मी! पिठी केल्येय कुळथाची! गावची माणसं उभी केलीत! उतर मुकाट्यानं!"

आक्का तिला म्हणाली, "तू रागावू नकोस. मी उतरले ना, तर उद्या मी चढायची नाही होडीत. मग हे मला चढवतील. चढवतीलच, त्यांना कामंधामं आहेत. मला उचलून इथनं न्यायला मी ह्यांना लावणार नाही."

भाच्यानं तोंड फिरवलंन. माझं काय झालं ते सांगते, मला राग आला. इतके दिवस मी तिचे गुडघे घेऊन चालले, तिथी मोजल्या, बांबू बांधले, आणि ही पायरीला लागून बसून राहिली. मी म्हटलंही, "आक्का, एक रात्र हवी म्हणालीस ना?"

"हवी होती," ती म्हणाली. "अजून हवी आहे. म्हणून तर."



पाणी थोपलं होतं. भरती पुरी झाली की थोडा वेळ खाडी ना इकडे ना तिकडे, अशी नुसती उभी राहते. होडीवाला दोर हातात धरून म्हणाला, "काकी, मग एक फेरी मारू काय सगळ्या जुव्याला? भरपाणी आहे तोवर मागच्या अंगानंही होडी जाते."

"मागनं? तिकडनं कोण जातं?"

"आता येतात की पाहुणे. मुंबई-पुण्याचे. पक्षी बघायला. त्यांना फिरवतो."

आक्का मोकळं हसली. "मग मलाही फिरव. मी पण बघायलाच आल्ये."

होडी धक्क्यापासून सुटली तशी जाऊ काठाकाठानं चालायला लागली. तिला वाटलं असेल, आक्काचं मन पालटेल. पण बोलायला लागली ती वेगळंच. "विहिरीचा रहाट मोडला गो. आता मोटार लावलीय."

"पाणी गोडं आहे ना?" आक्का होडीतून.

"आहे! मोहोर बरा आलाय ह्या वर्षी! तुझ्या दारचा आंबा मात्र नुसता पालवलाय!"

"त्याच्या बुंध्यात राख घाल!"

होडीवाल्यानं इंजिन बंद केलंन आणि काठी घेतलीन, दोघींचं बोलणं बुडू नये म्हणून. त्यानं तसं सांगितलं नाही, पण दुसरं काही कारण मला दिसलं नाही. कोणाची म्हैस विकली, कोणाचा मुलगा दुबईहून आला नि पुन्हा गेला, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं काठावरून होडीत नि होडीतून काठावर. मध्येच माड आड आले की जाऊ दिसेनाशी व्हायची, पण आवाज यायचा, आणि पुढे पुन्हा तिचं लुगडं दिसायचं.

वळसा घेऊन मागच्या अंगाला आलो. तिथून आक्काच्या घराची मागची बाजू दिसते, कौलं आणि पाण्यावर वाकलेला एक माड. आक्का बघत राहिली. "हा आपला का रे?" मुलाला म्हणाली. "एवढा वाकलाय? आतनं कधी कळलं नाही." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "पन्नास वर्षं आत राहिले गो. जुवा बाहेरनं कसा दिसतो ते आज बघत्ये. छान दिसतो ना?"

मी हो म्हटलं.

तिथे पुढे तिवरांची दाटी सुरू होते. काठ संपतो, पाऊलवाट संपते, पाण्यातून नुसती मुळं वर आलेली. जाऊ तिथवर आली आणि थांबली. तिला पुढे येताच येईना. पाणी उतरायला लागलं होतं, होडीवाल्याला थांबता येईना. त्यानं काठी जोरात रोवली. जाऊ तिवरांच्या मागून ओरडून काहीतरी सांगत होती. शब्द लागत नव्हते, नुसता आवाज.

"हो," आक्का म्हणाली.

पुन्हा आवाज आला, अजून लांबून.

"हो हो, सांगत्ये त्याला," आक्का तिकडे मान करून म्हणाली. भाच्यानं विचारलं, "आई, काय म्हणतेय काकी?"

आक्कानं त्याला हातानं गप्प केलंन आणि कान तिकडे लावून बसली.